कल्चरच्या रिपोर्टात इतके 'आर' कसे?

"ताई, मी ताळगाव पठारावर खोली घेऊन राहते, एमएससी करते. घर सत्तरी तालुक्यात. पावसाळ्यापासून लघवीच्या जळजळीची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा रूममेटनं तिच्याकडच्या नॉरफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत थांबलं. दुसऱ्यांदा फार्मसीतून सेफिक्झिम आणलं, तीन दिवसांनी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या ठेवून दिल्या. या वेळी त्याच घेतल्या तर काही फरक नाही. मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लघवी कल्चरला पाठवली. रिपोर्टात ई-कोलाय, एक लाखाहून जास्त, 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' आणि खाली आर, आर, आर. को-ट्रायमोक्साझोल मी कधी घेतलेलंच नाही, तरी त्यावरही आर! डॉक्टरांनी नायट्रोफुरँटॉइन लिहून दिलं. फार्मसीवाला म्हणाला, हे फार जुनं औषध, रिपोर्टात मेरोपेनेम चालतंय तर इंजेक्शनच घ्या. ताई, माझ्यावर आता औषधंच चालणार नाहीत का? लॅबमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, लग्न झालंय का. आईला सांगितलेलं नाही. ती म्हणेल उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. — पठारावरची एक"

पठारावरच्या मुली,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला दोन ओळींचा मेल केला होता: डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आजच सुरू कर, सदरातल्या उत्तराची वाट पाहू नकोस. ती सुरू केलीस असं धरून पुढचं लिहिते. तुझ्यासारखी पत्रं माझ्याकडे अधूनमधून येत असतात, आणि बहुतेकींनी आधी रूममेटला विचारलेलं असतं, मग फार्मसीत, मग गूगलला. डॉक्टर चौथ्या नंबरावर.

आधी तुझ्या मुख्य भीतीबद्दल. रिपोर्टातले 'आर' ('रेझिस्टंट', म्हणजे त्या औषधाला दाद न देणारा) तुझ्या लघवीत सापडलेल्या जंतूचे आहेत. ते तुझ्या शरीराचे गुण नव्हेत आणि तुझ्या प्रतिकारशक्तीबद्दल तर ते काहीच सांगत नाहीत. लॅबवाले जंतू एका थाळीत वाढवतात (यालाच कल्चर म्हणतात), त्याच्यासमोर एकेक औषध ठेवतात, आणि कोणत्या औषधापुढे तो मरतो नि कोणत्या औषधाला दाद देत नाही हे लिहून काढतात. उद्या तुला न्यूमोनिया झाला किंवा पायाला जखम होऊन पू झाला, तर तिथला जंतू वेगळा आणि त्याचा रिपोर्टही वेगळा. 'माझ्यावर औषधं चालत नाहीत' हे वाक्य डोक्यातून काढून टाक, कारण पुढच्या वेळी तेच वाक्य तुला 'मग स्ट्राँग काहीतरी द्या' असं म्हणायला लावेल.

आता न घेतलेल्या औषधावर 'आर' कसा आला ते पाहू. हा तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

हे प्रकरण मूत्राशयात सुरू होत नाही, आतड्यात होतं. ई-कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात मुक्कामाला असतो आणि तिथे सहसा कुणाला त्रास देत नाही. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब, त्याचं तोंड गुदद्वाराच्या जवळ. त्यामुळे आतड्यातले काही जंतू बाहेरून त्या वाटेनं वर चढतात. साध्या युरीन इन्फेक्शनपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास याच जंतूमुळे होतात. म्हणजे तुझ्या लघवीत कोणता ई-कोलाय सापडणार हे आधी आतड्यात ठरलेलं असतं. आणि आतड्यातल्या त्या वस्तीवर गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय पडलं ते आठव. घसा धरला म्हणून ॲझिथ्रोमायसिन. दाढ दुखली म्हणून अमॉक्सिसिलिन. चवथीचं जेवण बाधलं, जुलाब लागले, म्हणून नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोलची ती जोडगोळी, जी आपल्याकडे जिऱ्याच्या पुडीसारखी घरोघरी सापडते. यातली एकही गोळी लघवीसाठी नव्हती. पण प्रत्येक गोळी आतड्यातून गेली, दाद देणारे जंतू मारून गेली, आणि न देणाऱ्यांना जागा मोकळी करून गेली.

जुलाबाचंच घे. आपल्याकडचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे किंवा बाधलेल्या अन्नामुळे होतात, दोन-तीन दिवसांत थांबतात, आणि त्यांना खरी गरज असते ती ओआरएस, पेज आणि आरामाची. नॉरफ्लॉक्सासिननं त्यात फारसा फरक पडत नाही. पण ज्या गटातलं ते औषध आहे, सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन, त्या सगळ्या गटाला तोंड द्यायला आतड्यातले जंतू शिकतात. मग काही महिन्यांनी मूत्राशयात जळजळ होते आणि मुलगी म्हणते, मी तर लघवीसाठी आजवर अँटिबायोटिक घेतलंच नाही!

आता को-ट्रायमोक्साझोल. जंतूंकडे स्वतःच्या मुख्य गुणसूत्राशिवाय जनुकांची छोटी वर्तुळं असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. ती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि देणारा-घेणारा एकाच जातीचे असावेत असंही नाही. एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांना हरवणारी जनुकं एका पंगतीत बसलेली असू शकतात. तू सेफिक्झिम घेतलंस, त्यापुढे टिकलेल्या जंतूकडे सेफिक्झिम मोडणारं विकर होतं (रिपोर्टातला 'ईएसबीएल' हा शब्द त्या विकरासाठीच आहे), आणि त्याच प्लास्मिडवर को-ट्रायमोक्साझोलला हरवणारं जनुकही असणार. निवडलं तू एकाला, आले सगळे. शिवाय असा तयार जंतू अन्नातून, पाण्यातून, सामाईक संडासातून, रूममेटच्या हातूनही येऊ शकतो. त्यासाठी गोळी तू स्वतःच घेतलेली असावी लागत नाही.

आपण गोवेकर आहोत म्हणून एक अभ्यास सांगते. नेदरलँड्समधून परदेशी फिरायला गेलेल्या सुमारे दोन हजार लोकांची विष्ठा जाण्याआधी आणि परतल्यावर तपासली. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ७५ टक्के लोक असे ईएसबीएलवाले जंतू नव्यानं पोटात घेऊन परतले होते. म्हणजे कळंगुटला पंधरा दिवस राहून गेलेला पाहुणाही हे घेऊन जात असेल, तर इथेच जन्मलेल्या तुला-मला ते भेटणारच. यात तुझी स्वच्छता कमी पडली असं काही नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते: त्यातल्या निम्म्या लोकांच्या पोटातून हे जंतू महिन्याभरात निघून गेले, आणि वर्षानंतर ते सापडले जेमतेम ११ टक्के लोकांत. आतड्याला मोकळं सोडलं तर साधे जंतू पुन्हा जागा घेतात. आपण इथेच राहतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा भेट होत राहणार हे खरं. पण मध्ये अँटिबायोटिक न घेतलेला प्रत्येक महिना तुझ्या बाजूनं असतो. २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका आढाव्यात, आधीच्या दोन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या लघवीत दाद न देणारा जंतू सापडण्याचा संभव अडीचपट दिसला होता. वर्ष उलटेपर्यंत तो बराच खाली येतो.

आता तुझी गोळी. फार्मसीवाला म्हणाला तसं नायट्रोफुरँटॉइन जुनं आहे, १९५३ पासून वापरात आहे. मला तर त्यातच त्याची थोरवी दिसते. सत्तर वर्षांनंतरही साध्या ई-कोलायवर ते चालतं, कारण ते जंतूवर एकाच ठिकाणी घाव घालत नाही. जंतूच्या पोटात शिरल्यावर त्याचे जे तुकडे होतात ते एकाच वेळी अनेक जागी मोडतोड करतात, आणि इतक्या आघाड्यांवर बदल करणं जंतूला सोपं जात नाही. दुसरं म्हणजे ते रक्तात फारसं साठत नाही, सरळ लघवीत उतरतं. हवं तिथे भरपूर, नको तिथे थोडं. आतड्यातल्या वस्तीलाही त्याचा धक्का कमी बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली आहे. नायट्रोफुरँटॉइन पहिल्या गटात येतं, म्हणजे आधी वापरायची. नॉरफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम आणि मेरोपेनेम, तिन्ही दुसऱ्या गटात, म्हणजे जपून वापरायची. तुझ्या पहिल्या दोन वेळा नेमकं उलटं झालं.

मेरोपेनेमसमोर 'एस' ('सेन्सिटिव्ह', म्हणजे दाद देणारा) आहे म्हणून ते तुझं औषध होत नाही. लॅबची यादी म्हणजे कशानं जंतू मरेल त्याची यादी, आणि त्यातलं सर्वांत छोटं पुरेसं असेल ते निवडणं हे डॉक्टरांचं काम. मेरोपेनेम अतिदक्षता विभागात झुंजणाऱ्या माणसासाठी राखून ठेवायचं असतं. मूत्राशयाच्या जळजळीला ते देणाऱ्याला मी डॉक्टर म्हणणार नाही, आणि सुचवणाऱ्या फार्मसीवाल्यालाही शोभत नाही. सेफिक्झिमही त्यानं चिठ्ठीशिवाय द्यायला नको होतं. ते शेड्यूल एच-वन मधलं औषध आहे. २०१४ पासूनचा नियम असा की चिठ्ठी पाहायची, वहीत डॉक्टरांचं नि रुग्णाचं नाव लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. तुझं नाव कुठल्या वहीत लिहिलं का, आठवून पाहा.

गोळी घेताना काही गोष्टी सांभाळ. पोटात अन्न असताना घे, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, घाबरू नकोस, तो औषधाचा रंग. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, पण तुझ्या चिठ्ठीवर जे आहे तेच धर. तुला किंवा घरात कुणाला जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या तांबड्या पेशी जपणाऱ्या विकराची) कमतरता असेल, तुला मूत्रपिंडाचा जुना आजार असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पुढची गोळी घेऊ नकोस. आणि एक गोष्ट बरेच जण सांगायला विसरतात: जळजळ थांबवायला जे गोडसर-खारट सायट्रेटचं सिरप मिळतं, ते या गोळीबरोबर घेऊ नकोस. ते लघवी अल्कधर्मी करतं आणि नायट्रोफुरँटॉइनला आम्लधर्मी लघवी लागते. कित्येकदा दोन्ही एकाच पिशवीत दिली जातात! जळजळ फार असली तर साधी पॅरासिटामॉल घे, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेव.

चिठ्ठीवरचे दिवस पूर्ण झाले की थांब. आणखी एक दिवस 'खात्रीसाठी' नको. मागच्या वेळी तू तीन दिवसांत थांबलीस ही चूक आहेच, पण खरा घोटाळा उरलेल्या स्ट्रिपचा. ती ड्रॉवरमध्ये राहिली, म्हणून या वेळी तपासणीआधी पोटात गेली. जंतू दाद न देणारा होता म्हणून कल्चरमध्ये उगवला तरी. साधा असता तर अर्धमेला झाला असता, रिपोर्ट 'नो ग्रोथ' आला असता आणि आपण सगळे अंधारात राहिलो असतो. मजल्यावर ज्या ज्या मुलीकडे अर्धी स्ट्रिप आहे तिला हे वाचून दाखव.

त्रास पूर्ण थांबला तर पुन्हा कल्चर करू नकोस. लॅबवाले 'क्लिअर झालं का बघून घ्या' म्हणतील. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं ही बऱ्याच निरोगी बायकांची गोष्ट आहे. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशनं सोडली तर त्यावर औषध द्यायचं नसतं. तो रिपोर्ट हातात आला की कुणीतरी त्यावर गोळी लिहिणार, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

मात्र थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणं, उलट्या, यातलं काही झालं किंवा दोन दिवस गोळी घेऊनही फरक पडला नाही, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे नायट्रोफुरँटॉइन पुरत नाही, कारण ते मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचतच नाही. मग सकाळची वाट पाहू नकोस. पठारावरून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ) लांब नाही. रात्री वाहन नसेल तर १०८ ला फोन कर.

पुन्हा होऊ नये म्हणून काय, तर माझ्या दृष्टीनं पाणी पहिलं. हे आजीबाईचं शहाणपण म्हणून सांगत नाही. वारंवार त्रास होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० बायकांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ साली आले. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. एका बाटलीत जवळजवळ निम्मं! मी ओळखते त्या मुली पाणी पीत नाहीत याचं कारण आळस नसतो, संडास असतो. वाळपईहून कदंबाच्या बसनं निघायचं, पणजीच्या स्टँडवर उतरायचं, पुन्हा पठाराची बस धरायची, आणि मधल्या संडासांत जायची इच्छा होत नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहायचं. यावर माझ्याकडे औषध नाही. विद्यार्थी प्रतिनिधींनी सणांच्या सजावटीपेक्षा संडासाच्या कड्या आणि पाणी यांवर भांडावं असं मला वाटतं, पण ते वेगळं पत्र होईल.

आईचं धण्याचं पाणी पी, तिवळ (कोकमाचं सरबत) पी, आडसर (शहाळं) पी, सगळं पाण्यात मोजलं जाईल. जंतू त्यानं मरत नाही, म्हणून तापात त्यावर विसंबायचं नाही, इतकंच. पुढून मागे पुसणं, सुती कपडे, हे मीही सांगते. त्यांचा पुरावा तोकडा आहे, पण तोटा काही नाही. सुगंधी वॉश आणि आतून धुणं मात्र बंद कर, त्यानं तिथले चांगले जंतू जातात.

आता त्या लॅबमधल्या प्रश्नाबद्दल. तो तसा, तिथे, लोकांसमोर विचारायला नको होता. ही माणसांची तालीम कमी पडली, तुझी लाज नव्हे. युरीन इन्फेक्शन शाळकरी मुलींना होतं, सत्तरीच्या आजीला होतं. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचं काही सिद्ध होत नाही. तरी दार लावून डॉक्टरांनी विचारलं, तर खरं सांग. शरीरसंबंध येत असतील तर हा त्रास वाढतो, शुक्राणुनाशक लावलेले निरोध वापरले तर आणखी. संबंधानंतर लघवीला जाऊन यावं. शिवाय क्लॅमिडिया किंवा गनोरियामुळेही लघवीला जळजळ होते. तिथे कल्चर कोरं येतं आणि औषध वेगळं लागतं. आणि दिवस गेले असण्याचा प्रश्न प्रत्येक अँटिबायोटिकच्या निवडीत येतो. तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही. डॉक्टरांना मात्र माहीत असू दे.

आईला सांगावं का? मी सांगेन. तिला गोळ्यांची नावं कळली नाहीत तरी चालेल, पण सुट्टीत घरी असताना थंडी-ताप आला तर तिला आधीचं ठाऊक हवं. 'लघवीला इन्फेक्शन झालंय, तपासणी झाली, गोळी चालू आहे' एवढं पुरे. पुढचा प्रश्न तिनं विचारला नाही तर उत्तर द्यायचं कारण नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात, म्हणजे तू त्या यादीत आलीस. तेव्हा एक वही घाल: तारीख, त्रास, कोणती गोळी, किती दिवस, आणि हा रिपोर्ट त्यातच चिकटव. जुलाबाच्या, दाढेच्या गोळ्याही लिही. पुढच्या वेळी ती वही घेऊन जा आणि पहिली गोळी घेण्याआधी लघवी दे. सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबच्या निर्जंतुक डबीत, आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचेल अशी. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेव.

परीक्षेचं म्हणशील तर, गोळ्यांमुळे पेपर चुकायचं कारण नाही. फक्त तीन तास बाहेर जावं लागू नये म्हणून त्या दिवशी पाणी तोडू नकोस. पर्यवेक्षकांना आधी जाऊन सांग की मध्ये एकदा उठावं लागेल, आणि दाराजवळचा बाक मागून घे.